दिनविशेष : फळ्यावरचा आणि गावातला



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा औसा तालुक्यातल्या एका शाळेवर नव्यानेच रुजू झालो होतो. परिपाठाची जबाबदारी माझ्याकडे होती. रोज सकाळी मोबाईलवर आलेली दिनविशेषांची यादी बघायची आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवायची, असा माझा नेम. त्या दिवशी मी लिहिलं, '३० सप्टेंबर : आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन'. परिपाठ झाला. मुलं वर्गात गेली. पाचवीतली एक मुलगी मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, आज आमच्या घरी आज्जीची पुण्यतिथी हाय. आमच्या गल्लीत समद्यांच्याच घरी हाय."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. ज्या मुलांसमोर मी भाषांतर दिन साजरा करत होतो, त्यांच्यातल्या निम्म्या घरांत त्या दिवशी भिंतीवरच्या फोटोला हार घातला जात होता. माझी यादी चुकीची नव्हती. भाषांतर दिन खरंच त्याच दिवशी असतो. पण ती यादी माझ्या गावची नव्हती.

त्या दिवसापासून मी दिनविशेषाची वही बदलली. आज तीच वही तुमच्यासमोर ठेवतो आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. बाकीच्यांनी आपापल्या गावाप्रमाणे बदल करून घ्यावा.

दिवस साजरा करायचा म्हणजे काय करायचं?

आपल्याकडे दिन साजरा करण्याची एक ठरलेली पद्धत झाली आहे. प्रतिमापूजन, दोन भाषणं, एक फोटो, तो गटावर टाकला की अहवाल पूर्ण. यात आपला दोष नाही असं मी म्हणणार नाही, पण सगळा दोष आपलाच आहे असंही नाही. वर्षात इतके दिवस येतात की प्रत्येकाला न्याय देणं अशक्य आहे. म्हणून मी एक युक्ती करतो. वर्षातले सात-आठ दिवसच निवडतो आणि प्रत्येक दिवशी मुलांपुढे तीन प्रश्न ठेवतो.

१) त्या दिवशी नेमकं काय घडलं?
२) त्याची खूण आपल्या गावात, घरात, बोलण्यात कुठे दिसते?
३) हे कळल्यावर आपण उद्यापासून काय वेगळं करणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळतं. दुसऱ्यासाठी आजी-आजोबांकडे जावं लागतं. तिसऱ्याचं उत्तर मात्र मुलांबरोबर आपल्यालाही द्यावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

१७ सप्टेंबर : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

दरवर्षी मी हा पाठ एका प्रश्नाने सुरू करतो. "१५ ऑगस्ट १९४७ ला आपल्या गावात झेंडा फडकला होता का?" सगळी मुलं एका सुरात "हो" म्हणतात. मग सांगायचं, की नाही. नांदेड, लातूर, बीड, परभणी, धाराशिव, औरंगाबाद हा सगळा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील व्हायला तयार नव्हता. ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी आपल्याकडे तिरंगा हातात घेणाऱ्याला पोलीस पकडत होते. भारतीय सैन्याची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे आपण देशाच्या मागून तेरा महिने आणि दोन दिवसांनी स्वतंत्र झालो. हा हिशोब मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावा. त्यांच्या तो कायमचा लक्षात राहतो.

लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक, हे मुलांना आवर्जून सांगावं. सिंदगीला जन्मलेले हे गृहस्थ हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिकवत होते. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि त्या विद्यापीठाची स्थापनाही १७ सप्टेंबरलाच, १९९४ साली झाली. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. उदगीरजवळचं हत्तीबेट हे सैनिकांचं आश्रयस्थान होतं. सहल काढायची तर आधी इथे काढा.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. रझाकारांच्या अत्याचाराच्या गोष्टी सांगताना वर्गातल्या एखाद्या मुस्लिम मुलाची मान खाली जात असेल, तर आपला पाठ फसला असं समजावं. हा लढा एका राजाच्या एकतंत्री सत्तेविरुद्ध होता, शेजाऱ्याविरुद्ध नव्हता. म्हणून शोएबुल्ला खान यांचं नाव सांगितल्याशिवाय मी हा पाठ संपवत नाही. 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचे ते तरुण संपादक. हैदराबादने भारतात विलीन व्हावं असं त्यांनी उघड लिहिलं आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. मोठ्या वर्गांत हेही सांगता येतं की पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांनाही हिंसेची झळ बसली आणि त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. मुलं हे समजून घेतात. बहुतेक वेळा आपणच घाबरतो.

उपक्रम : 'आजोबांचा पत्ता'. निलंगा, उदगीर किंवा अहमदपूर भागातल्या शाळांसाठी हा फार छान आहे. समजा एक आजोबा १९४५ साली निलंग्यात जन्मले आणि कधीच घर सोडून गेले नाहीत. तरी त्यांचा पत्ता किती वेळा बदलला? जन्माच्या वेळी हैदराबाद संस्थान, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. जिल्हा आधी बिदर, नंतर उस्मानाबाद, आणि १९८२ पासून लातूर. माणूस एकाच ओट्यावर बसलेला आणि चार राज्यं, तीन जिल्हे बदलले! मुलं हसतात आणि इतिहास-भूगोल दोन्ही शिकतात.

३० सप्टेंबर : किल्लारी

१९९३ मध्ये २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. औसा तालुक्यातलं किल्लारी, शेजारच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावं काही सेकंदांत भुईसपाट झाली. हजारो माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६ रिश्टरच्या थोडी वर होती. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ होतात. मग इथे एवढी माणसं का गेली?

हाच प्रश्न वर्गात विचारावा, कारण त्याच्या उत्तरातच खरा धडा आहे. आपल्याकडची जुनी घरं आठवा. काळ्या दगडाच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, दगड मातीत बसवलेले, आणि वर लाकडी तुळयांवर मातीच्या जाड थराचं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून दरवर्षी वर आणखी माती टाकायची. उन्हापासून वाचवणारं तेच घर भूकंपात जड ठरलं. भिंतीचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, ते सुटले आणि वरचं माळवद खाली आलं. माणसं भूकंपाने कमी आणि घराखाली जास्त मेली. दुसरं कारण असं की दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात होता. कुणी तयारीच केलेली नव्हती.

"ते जुनं झालं, आता स्लॅबची घरं आहेत," असं कुणी म्हणालं तर २०२४ सालची आठवण करून द्या. त्या वर्षी मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेडमध्येही लोक घराबाहेर आले होते.

उपक्रम : दोन खोक्यांची घरं करावीत. एकात लहान दगड नुसते रचायचे, दुसऱ्यात प्रत्येक थरानंतर दोरा किंवा पट्टी बांधायची. दोन्ही एका ताटात ठेवून ताट हलवायचं. कोणतं आधी पडतं ते मुलं स्वतः बघतात. त्यानंतर वर्गातून मैदानात जाण्याचा सराव घ्यावा, आणि तो कागदावर नको, घड्याळ लावून घ्यावा. घरच्या अभ्यासाला एवढंच द्यावं : आपल्या घरात झोपण्याच्या जागेच्या वर काय ठेवलंय ते बघून या. आमच्या शाळेतल्या एका मुलाने घरी जाऊन वडिलांना फळीवरचा लोखंडी पाटा खाली उतरवायला लावला. माझ्या लेखी तो त्या वर्षातला सर्वात चांगला 'अहवाल' होता.

पुनर्वसित गावांतल्या शिक्षकांना एक विनंती. तुमच्या मुलांच्या बोलण्यात 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' असे शब्द असतात. जुन्या गावाचा नकाशा काढायला सांगा. वेस कुठे होती, मारुती कुठे, मशीद कुठे, आड कुठे. तो नकाशा फक्त आजी-आजोबांच्या डोक्यात आहे, आणि दरवर्षी तो थोडा थोडा पुसत चालला आहे.

दसरा, नांदेड आणि एका पंगतीत बसणं

नांदेडची मुलं हुजूर साहिबला जातात, लंगरमध्ये जेवतात, पण तिथे काय घडलं ते विचारलं की गप्प बसतात. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला आले होते. इथेच त्यांची बंदासिंग बहादूर यांच्याशी भेट झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथेच ते ज्योतीज्योत समावले. यापुढे कोणी माणूस गुरू नसेल, ग्रंथच गुरू असेल, हे त्यांनी नांदेडमध्ये सांगितलं. आजच्या गुरुद्वाऱ्याची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. दसऱ्याला आणि होळीला निघणारा हल्लाबोल बघायला देशभरातून लोक येतात.

मुलांना सर्वात जास्त आश्चर्य एका गोष्टीचं वाटतं. त्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं मूळ गाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. म्हणजे इकडचा माणूस शब्द घेऊन पंजाबात गेला आणि चारशे वर्षं व्हायच्या आत पंजाबचा ग्रंथ गुरू होऊन नांदेडला आला. हा प्रवास नकाशावर दोऱ्याने जोडून दाखवावा.

तिसरा प्रश्न इथे सोपा आहे. लंगरमध्ये कुणाची जात विचारत नाहीत. आपल्या शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, हे आपण शिक्षकांनी एक आठवडा नुसतं बघावं. काही बोलू नये, फक्त बघावं. मग ठरवावं.

माळेगाव आणि येळवस : तिथीचे दिवस

आतापर्यंतचे बहुतेक दिवस तारखेचे होते. आपल्या भागातले काही मोठे दिवस तिथीने येतात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा सुरू होते आणि दुसऱ्याच दिवशी, अमावस्येला, लातूर-धाराशिवकडची येळवस म्हणजे वेळ अमावस्या. कधी डिसेंबरात, कधी जानेवारीत. "मग दरवर्षी तारीख का बदलते?" या एका प्रश्नावर चंद्राच्या कला, अधिक मास आणि दिनदर्शिका वाचन असा गणित-विज्ञानाचा अख्खा तास होतो.

येळवसेला लातूर शहरात शुकशुकाट असतो, कारण सगळं शहर शेतात गेलेलं असतं. ज्याचं शेत नाही त्याला शेत असलेला बोलावून नेतो. ज्वारीच्या कडब्याची कोप करायची, आत पांढरे केलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि मग पंगत. शेंगभाज्या आणि डाळींची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या भाकरी, तिळाची पोळी. कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गीकडेही हाच सण आहे. तिकडे त्याला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. आपल्या 'येळवस'चं मूळ त्यातच दिसतं. राज्याची सीमा कागदावर बदलली, पण ताटात दोन्हीकडे तेच आहे.

उपक्रम : त्या दिवशीच्या ताटात काय काय होतं याची यादी आणि त्यातलं कोणतं धान्य आपल्या शेतात अजून पिकतं याची खूण. आमच्याकडे यादी आली तेव्हा लक्षात आलं की भज्जीच्या कडधान्यांपैकी बरीचशी बाजारातून आणलेली होती, कारण शेतात सगळीकडे सोयाबीन. सणाला शेतात जातो, पण सणाचं धान्य दुकानातून आणतो. यावर आठवीच्या मुलांनी जी चर्चा केली, ती कोणत्याही 'शेतकरी दिना'च्या भाषणापेक्षा सरस होती.

माळेगावच्या जत्रेचंही असंच. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा बाजार बघताना प्रत्येक जनावराचं काम काय, त्याच्या मालकाचा व्यवसाय काय आणि ते लोक कुठून कुठून येतात हे विचारून यायला सांगावं. भटक्या-विमुक्त समाजांबद्दल पुस्तकात दोन ओळी असतात. जत्रेत ती माणसं प्रत्यक्ष भेटतात.

३ जानेवारी : बालिका दिन, आणि माझी एक चूक

मघाशी तिसऱ्या प्रश्नाची अडचण म्हणालो होतो, ती इथे सांगतो.

एका वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, आठवीतल्या एका मुलीने भाषण केलं. फार सुंदर बोलली. १८३१ साली नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी शेण-दगड सोसून शाळा कशी चालवली, हे सांगताना तिचा आवाज भरून आला. आम्ही टाळ्या वाजवल्या, पहिलं बक्षीस दिलं, फोटो काढला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. चौकशी केली तर कळलं की अक्षय तृतीयेला तिचं लग्न झालं. चौदा वर्षांची होती.

तिचे आई-वडील वाईट नव्हते. ते ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला गाव सोडायचं, पाच-सहा महिने कारखान्याच्या पालावर राहायचं. वयात आलेली मुलगी पालावर न्यायची भीती, गावात एकटी ठेवायची त्याहून जास्त भीती. आणि तोडीला 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते, त्यामुळे मुलाकडच्यांनाही लग्नाची घाई. त्यांना दिसलेला तो एकच मार्ग होता. बालिका दिनाच्या कार्यक्रमाला ते नव्हते, ते पालावर होते. आम्ही ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे बालिका दिन ऑक्टोबरात सुरू होतो. स्थलांतर व्हायच्या आधी. काय करतो ते सांगतो :

- दिवाळीच्या सुट्टीआधी कोणत्या घरचे लोक तोडीला जाणार आहेत याची यादी. मुलांना सर्वांसमोर विचारायचं नाही, घरी जाऊन विचारायचं.
- मूल मागे राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाची माहिती पालकांना वेळेत द्यायची. आजी, मावशी, चुलती यांच्यापैकी कोण सांभाळणार हे जाण्याआधी ठरलेलं बरं.
- बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हे त्यांना आणि गावाला दोघांनाही माहीत असावं.
- १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गात मोठ्या अक्षरात लिहिलेला. पाठ करून घेतलेला.
- एप्रिलमध्ये, अक्षय तृतीयेच्या आधी, सातवी-आठवी-नववीच्या प्रत्येक मुलीच्या घरी एक चक्कर. चहा प्यायचा, अभ्यासाबद्दल बोलायचं. शाळेचं लक्ष आहे एवढं कळलं तरी पुष्कळ होतं.

यातून सगळं थांबलं असं म्हणणार नाही. पण भाषणाचं बक्षीस देऊन मोकळं होणं आम्ही थांबवलं.

१४ जानेवारी : तिळगूळ आणि नामविस्तार

संक्रांतीला आपण गोड बोला म्हणतो. मराठवाड्यात त्याच तारखेला नामविस्तार दिनही असतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आलं. नामांतरासाठी नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी साडेपंधरा वर्षं.

हा पाठ लहान वर्गांत पूर्ण सांगू नये. पण नववी-दहावीच्या मुलांना सांगावाच, कारण ही आपल्याच जिल्ह्याची गोष्ट आहे. प्रश्न एवढाच ठेवावा : ज्यांनी हल्ले केले ते आणि ज्यांच्यावर झाले ते, दोघंही एकाच गावात राहत होते. मग गोड बोलणं म्हणजे नेमकं काय?

२२ मार्च : जल दिन आणि जलदूत

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पहिल्यांदा लातूरला आली. दहा टाक्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. आज पाचवीत असलेलं मूल तेव्हा जन्मलंही नसेल किंवा पाळण्यात असेल. त्याला हे सांगणारे आपणच.

उपक्रम गणिताचा आहे. दहा टाक्यांतलं एकूण पाणी किती? पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून जास्त होती. मग माणशी किती पाणी आलं? उत्तर येतं सव्वा लिटरच्या आसपास. एक पाण्याची बाटली आणि वर थोडं. मुलं उत्तर पुन्हा तपासतात, कारण त्यांना वाटतं आपलं दशांश चिन्ह चुकलं. एवढ्या मोठ्या रेल्वेचं एवढंसं पाणी! मग प्रत्येकाने आपल्या घरात दिवसाला किती घागरी लागतात ते मोजून आणायचं. त्यानंतर "पाणी वाचवा" हे वाक्य फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

वर्षभराचं नियोजन, थोडक्यात

- जून : २६ जून, राजर्षी शाहू जयंती. शाळेत न आलेल्या मुलांचा शोध.
- ऑगस्ट : १५ ऑगस्टला प्रश्न विचारून ठेवायचा, उत्तर १७ सप्टेंबरला. श्रावण अमावस्येला पोळा.
- सप्टेंबर : १७ मुक्तिसंग्राम, ३० किल्लारी.
- ऑक्टोबर : दसरा, नांदेड आणि माहूर. स्थलांतराची यादी.
- नोव्हेंबर : २६ संविधान दिन.
- डिसेंबर-जानेवारी : माळेगाव, येळवस, बालिका दिन, नामविस्तार दिन.
- फेब्रुवारी : २७ मराठी भाषा गौरव दिन. वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, पंजाबी, गोरमाटी बोलणारी मुलं असतील तर एकाच वस्तूची सगळी नावं फळ्यावर.
- मार्च : २२ जल दिन.
- एप्रिल : १४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंती. अक्षय तृतीयेआधी गृहभेटी.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, तुमचं मूल घरी येऊन "आज्जी, तू लहान असताना काय झालं होतं?" असं विचारेल तेव्हा "जा, अभ्यास कर" म्हणू नका. तोच अभ्यास आहे. आजीला बोलू द्या. तिला तारीख आठवणार नाही. "गणपती बोळवले त्या रात्री" असं ती सांगेल. तारीख शोधायचं काम मुलाचं. आणि तुम्ही तोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला जाणार असाल तर जाण्याआधी एकदा शाळेत येऊन जा. आम्ही रागावणार नाही.

त्या पाचवीतल्या मुलीने पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला परिपाठात स्वतः दिनविशेष सांगितला. चारच वाक्यं होती. शेवटी तिने आपल्या आज्जीचं नाव घेतलं, मग एकेक करून पंधरा-वीस मुलं उभी राहिली आणि आपापल्या घरची नावं सांगितली. त्या दिवशी फोटो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तुमच्या गावचा असा कोणता दिवस आहे, जो कोणत्याच यादीत नाही? तो आधी आपल्या वहीत लिहा, आणि यंदा तिथूनच सुरुवात करा.